खडप कुणाचं?

परवा मालवणच्या स्नॉर्कलिंग-स्कूबावर दोन ओळी टाकल्या आणि खाली दोन तट पडले. एक म्हणतो, स्कूबा बंद करा, समुद्राची वाट लागली. दुसरा म्हणतो, आमच्या पोरांच्या पोटावर का उठलात? दोन्हीकडे माझे मित्र आहेत, ओळखीचे आहेत, एकदोन नातेवाईकही आहेत. दोन ओळीत हा विषय मावत नाही, म्हणून आज सविस्तर लिहितोय. पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा.

आधी एक गोष्ट. पर्यटक ज्याला 'कोरल रीफ' म्हणतात, त्याला आपल्याकडे कधी प्रवाळ बेट वगैरे म्हटलेलं मी ऐकलेलं नाही. गाबीत माणसासाठी ते खडप. सुकतीला थोडं डोकं वर काढणारं, भरतीला गडप होणारं. 'हय खडप आसा म्हणान मासो आसा' हे वाक्य किनाऱ्यावरच्या कुठल्याही म्हाताऱ्याकडून ऐकायला मिळेल. तांबोशी, गोबरा, शेवंड, कालवं, सगळं त्या खडपाच्या आसऱ्याने. त्यावर जिवंत पोवळं चिकटलेलं आहे, ते हळूहळू वाढतं, याचा शोध शास्त्रज्ञांनी लावायच्या आधी खडपाचा उपयोग आपल्या माणसांना पक्का माहीत होता. आणि माशाच्याही आधी या खडपाचा उपयोग दुसऱ्याच एका माणसाने ओळखला होता.

२५ नोव्हेंबर १६६४. मालवणच्या किनाऱ्यावर मोरयाच्या दगडापाशी पूजा करून शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला. पायात शिसं ओतलं, अठ्ठेचाळीस एकरांवर तट फिरवला, १६६७ मध्ये किल्ला उभा राहिला, हे आपण शाळेपासून ऐकतोय. पण ही जागा का निवडली? बेटं काय कोकणात थोडी आहेत? उत्तर पाण्याखाली आहे. कुरट्याच्या भोवती खडपांची अशी काही पेरणी आहे की वाट माहीत नसलेलं मोठं जहाज किल्ल्याच्या जवळ येऊच शकत नाही. तट हा दुसरा कोट. पहिला कोट निसर्गाने आधीच बांधून ठेवला होता, तोही शत्रूला न दिसणारा. आजही जेटीवरून किल्ल्यावर जाणारी होडी सरळ जात नाही, वळणं घेत जाते. तांडेल ती वळणं कुठल्या नकाशावरून काढत नाही. बापाने दाखवली म्हणून त्याला माहीत.

पुढे इंग्रज आले. १७६५ मध्ये त्यांनी किल्ला घेतला, त्याला 'फोर्ट ऑगस्टस' असं नाव दिलं. ते नाव टिकलं नाही, किल्लाही लगेच परत करावा लागला. मालवण इंग्रजांकडे कायमचं गेलं ते १८१२ मध्ये, करवीरकरांशी झालेल्या तहाने. एकोणिसाव्या शतकातल्या रत्नागिरी-सावंतवाडीच्या गॅझेटियरात मालवणचं वर्णन आहे. त्यात इथला उपसागर खडकाळ खडपांनी जवळजवळ अडवलेला असल्याचं लिहिलंय. पूर्वी तिथे तीन बेटं होती, दोन बाहेरची म्हणजे सिंधुदुर्ग आणि पद्मगड, आणि तिसरं आतलं जमिनीला जोडलं जाऊन त्यावर माडांच्या आड जुनं मालवण वसलं, असंही त्यात आहे. इंग्रजाच्या दृष्टीने खडप म्हणजे बंदराचा दोष. नकाशावर खूण करायची आणि लांबून जायचं. त्यामुळे मालवण मोठं बंदर झालं नाही. ते झालं नाही म्हणून खडप राहिलं, असंही म्हणता येईल. गोदी बांधायला सुरुंग लावून खडप फोडलं गेलं असतं तर ही पोस्ट लिहायची वेळच आली नसती.

आता या खडपावरचं पोवळं. अंदमान-लक्षद्वीपचे फोटो बघून आलेला पर्यटक मालवणच्या पाण्यात उतरला की कधीकधी हिरमुसतो. (आपल्याच काही जाहिरातींवर कुठल्या समुद्रातले फोटो छापलेत ते एकदा नीट बघा. असो.) मालवणला झाडासारखी फांद्या फुटलेली रंगीबेरंगी जंगलं नाहीत. इथे दगडासारखी गोल वाढणारी, नाहीतर खडकावर थर चढवत पसरणारी पोवळी आहेत. पोराइटिस, गोनिअॅस्ट्रिया, फेव्हाइटिस, थोडी पानांसारखी पसरणारी टर्बिनेरिया. काटक जात. आणि काटक असल्याशिवाय इथे टिकलीच नसती. पोवळ्याच्या आत सूक्ष्म शेवाळ राहतं, ते उन्हावर अन्न तयार करतं, पोवळं त्यावर जगतं. म्हणजे त्याला ऊन लागतं, स्वच्छ पाणी लागतं, खारटपणा जास्त हलून चालत नाही. आणि आपल्याकडे काय? जून उजाडला की कर्ली आणि गड नदी लाल पाणी घेऊन समुद्रात येतात, चार महिने हाताएवढ्यावरचं दिसत नाही. एवढा पाऊस, एवढा गाळ सोसून भारताच्या पश्चिम किनाऱ्यालगत पोवळं टिकून राहिलेल्या जागा मोजक्या. मालवण त्यातली एक.

पोराइटिस वर्षाला साधारण एक सेंटिमीटर वाढतं. कधी थोडं कमी, कधी थोडं जास्त. याचा अर्थ नीट लावा. कंबरेएवढ्या उंचीचा पोवळ्याचा गोळा म्हणजे जवळजवळ शंभर वर्षं. टिळक गेले त्या सुमारास तो रुजला असेल. त्यावर एक नांगर पडला की शंभर वर्षं गेली, पाच सेकंदात.

सरकारला ही जागा महत्त्वाची आहे हे १९८७ मध्ये कळलं. त्या वर्षी मालवण सागरी अभयारण्य जाहीर झालं. महाराष्ट्रातलं हे पहिलंच सागरी अभयारण्य. क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर, त्यातला गाभा जेमतेम ३.१८ चौरस किलोमीटर, पद्मगड आणि आसपासची बुडती खडपं धरून. आता कल्पना करा, पिढ्यान्‌पिढ्या रापण ओढणाऱ्या गावाला एके दिवशी कळतं की आपण मासे मारतो ते पाणी आता अभयारण्य आहे. विचारलं कुणी? नीट समजावलं कुणी? लोक बिथरले. मोर्चे झाले, निवेदनं झाली. अभयारण्य म्हणजे मासेमारी बंद, एवढाच अर्थ किनाऱ्यावर पोचला आणि तोच मनात बसला.

१९९१ मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्यात दुरुस्ती झाली. समुद्रात अभयारण्य करताना स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायाचं हित जपण्याची पुरेशी तजवीज केल्यानंतरच हद्द ठरवावी, असं त्यात आलं. चांगलं कलम आहे. पण आपल्या अभयारण्याचं जाहीर होणं त्याच्या चार वर्षं आधीच उरकलं होतं, आणि तोवर वनखातं म्हणजे आपल्या विरोधातलं खातं हे किनाऱ्यावर ठरून गेलं होतं. परिणाम असा झाला की अभयारण्य कागदावर राहिलं. लोकांनी मानलं नाही, सरकारने रेटलं नाही. दोघांनी एकमेकांकडे पाठ फिरवून तीस-पस्तीस वर्षं काढली. त्या मोकळ्या जागेत जे शिरायचं ते शिरलं. एकीकडे पर्ससीन आणि एलईडीवाले मोठे ट्रॉलर, दुसरीकडे पर्यटन.

२००१ मध्ये आणखी एक गोष्ट झाली, तिच्याकडे फार कुणाचं लक्ष गेलं नाही. खडप बांधणारी पोवळी वन्यजीव कायद्याच्या अनुसूची एकमध्ये घातली गेली. अनुसूची एक म्हणजे वाघाची यादी. कायद्याच्या लेखी पद्मगडाजवळचा पोवळ्याचा गोळा आणि ताडोबातला वाघ एका रांगेत. ताडोबात कुणी वाघाच्या पाठीवर उभं राहून सेल्फी काढत नाही, एवढाच फरक.

मग पर्यटन कसं आलं? १९९७ मध्ये सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. पहिली बरीच वर्षं पर्यटन म्हणजे किल्ला, मासळी आणि तारकर्लीची एमटीडीसीची घरं. पाण्याखाली जायचं कुणाच्या डोक्यात नव्हतं. पाण्यात उतरणारा एकच, शेवंड काढणारा गडी, तोही एका दमात. या शतकाच्या पहिल्या दशकात सागरी जीवशास्त्रज्ञ डॉ. सारंग कुलकर्णी यांच्यासारख्या माणसांनी इथली पोवळी पाण्यात उतरून पाहिली, आणि एमटीडीसीबरोबर स्थानिक पोरांना स्नॉर्कलिंगचं शिक्षण द्यायला सुरुवात झाली. ही कल्पना मुळात फार चांगली होती, हे मी आजही म्हणतो. पोरगा मच्छीमाराचा, पाणी त्याचं, खडप त्याचं. जाळं तोट्यात चाललंय तर तेच खडप न तोडता, नुसतं दाखवून चार पैसे मिळाले तर तो ते राखेल, हे गणित. पुढे २०११-१२ पासून संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा सिंधुदुर्ग प्रकल्प आला, त्यातही हाच विचार होता. त्याच प्रकल्पाच्या काळात वेंगुर्ल्याच्या महिलांनी कांदळवनाची होडीतून सफारी सुरू केली, ती नीट चालली. तारकर्लीला 'इस्दा' ही स्कूबाची संस्था उभी राहिली, सरावासाठी खोल तलावासकट.

थोडं मागे जाऊन सांगायचं तर, पाण्याखाली हवा घेऊन फिरायचं आजचं यंत्र काही फार जुनं नाही. १९४३ मध्ये फ्रान्समध्ये झाक कूस्तो आणि एमिल गान्यां यांनी ते बनवलं. युद्धाच्या काळातली वस्तू. तिथून मालवणच्या जेटीवर सिलिंडर भरून देणाऱ्या कॉम्प्रेसरपर्यंत यायला तिला साठेक वर्षं लागली. आणि जेटीवर आल्यावर मात्र दहा वर्षांत सगळं चित्र पालटलं.

गणित कुठे चुकलं, ते आता सांगतो. सुरुवातीला होड्या मोजक्या होत्या, शिकलेली माणसं मोजकी होती. मागणी वाढली तशा होड्या वाढल्या. मोजायचं कुणी? बंदर खातं होडीचा परवाना बघतं. पर्यटन खातं पर्यटन बघतं. अभयारण्य वनखात्याचं. मासेमारी मत्स्यखात्याकडे. नगरपालिका जेटीवरचा कचरा बघते, तोही कधीकधी. पाण्याखाली दोन-चार माणसं खोलीवर एका वेळी किती माणसं उतरावीत, हे ठरवणं यातल्या कुणाच्याच टेबलावर नाही. मग ते ठरवतो शनिवार-रविवारची गर्दी.

पाण्यात नेमकं काय होतं, हे ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी. होडी खडपाजवळ येते, नांगर टाकते. नांगर वाळूत पडला तर ठीक, खडपावर पडला तर पोवळ्यावर. वाऱ्याने होडी सरकली की दोर खडप घासत जातो. पोहता न येणारा पर्यटक लाईफ जॅकेट घालून उतरतो, घाबरतो आणि पायाखाली जे लागेल त्यावर उभा राहतो. स्कूबावाल्याला प्रशिक्षक मागून धरून सहा-आठ मीटर खाली नेतो, तिथे गुडघ्यावर टेकवतो, कारण व्हिडिओ काढायचा असतो. व्हिडिओत मासे हवेत म्हणून पाव. पाव दिसला की काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे मासे झुंडीने येतात, पर्यटक खूश. पण त्यातले कितीतरी मासे एरवी खडपावरचं शेवाळ खरवडून खातात. पावाची सवय लागली की शेवाळ वाढतं, आणि शेवाळ वाढलं की पोवळं गुदमरतं. यातलं कुठलंच काम कुणी वाईट हेतूने करत नाही. गिऱ्हाईक मागतं, शेजारची होडी देते, म्हणून हाही देतो.

हे माझं मत म्हणून सोडून देऊ नका. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी २०२० मध्ये 'मरीन पोल्युशन बुलेटिन' या नियतकालिकात याच मालवण अभयारण्यावर निबंध लिहिला, हौशी डायव्हिंगमुळे पोवळ्याचं होणारं नुकसान आणि त्याला जबाबदार कुणीच नसणं यावर. जगभरातले शास्त्रज्ञ तो वाचतात. आपल्या किती लोकप्रतिनिधींनी वाचला असेल?

आता कुणी म्हणेल, पोवळी तर समुद्र तापल्यामुळे मरतात, त्यात आमच्या होडीचा काय दोष? अर्धं बरोबर आहे. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एक-दोन अंशाने जास्त दिवस तापलेलं राहिलं की पोवळं आतलं शेवाळ बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. १९९८ मध्ये लक्षद्वीपची पोवळी अशीच मोठ्या प्रमाणात मेली. २०१५-१६ मध्ये जगभर तेच झालं आणि मालवणलाही झळ लागली. पण पांढरं पडलेलं पोवळं लगेच मेलेलं नसतं. पाणी थंड झालं की ते सावरू शकतं. तापातून उठणाऱ्या माणसाच्या छातीवर कुणी उभं राहत नाही, म्हणजे झालं. नेमका एप्रिल-मे, पाणी सगळ्यात गरम असतं तेव्हा, शाळांना सुट्ट्या आणि आपल्याकडे सगळ्यात जास्त गर्दी.

गर्दीचा हिशेब माणसांच्या जिवानेही चुकवलाय. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीला स्कूबा करून परतणारी वीस पर्यटकांची होडी किनाऱ्याजवळ उलटली, दोघांचा जीव गेला. हंगाम संपायला दोन-चार दिवस राहिले होते, समुद्र पालटायला लागला होता. त्यानंतर काही दिवस तपासण्या झाल्या, बैठका झाल्या. पोवळ्यासाठी नसेना का, निदान माणसासाठी तरी मोजणी कायमची सुरू व्हायला हवी होती.

याच वेळी मोठ्या कल्पनाही येतायत. नौदलाची 'आयएनएस गुलदार' ही नौका १२ जानेवारी २०२४ रोजी निवृत्त झाली. पोलंडमध्ये बांधलेली, रणगाडे-सैन्य किनाऱ्यावर उतरवणारी नौका. ती निवती रॉकजवळ समुद्रतळाशी बसवून तिच्यावर कृत्रिम खडप आणि पाण्याखालचं संग्रहालय करायची योजना आहे. मला यात वाईट काही दिसत नाही. उलट डायव्हर्स तिकडे वळले तर किल्ल्याच्या खडपावरचा ताण कमी होईल. बुडत्या जहाजावर पोवळी धरतातही. पण कुणी याला पर्याय म्हणत असेल तर थांबा. लोखंडावर नवं पोवळं धरायला जो काळ लागेल, त्यात इथलं शंभर वर्षांचं पोवळं किती शिल्लक राहील? आणि समुद्रात शंभरेक किलोमीटर आत, कान्होजी आंग्र्यांच्या नावाची आंग्रिया बँक आहे, पोवळ्यांचा मोठा बुडता पठार. २०१९ च्या डिसेंबरात शास्त्रज्ञांनी तिथे मोहीम काढली. लगेच आपल्याकडे कुणीतरी तिथे क्रूझ न्यायच्या गप्पा सुरू केल्या. दाराशी असलेली सव्वातीन चौरस किलोमीटरची जागा सांभाळता येईना, आणि निघाले शंभर किलोमीटरवर.

स्कूबा बंद करा म्हणणाऱ्यांना माझा प्रश्न आहे. बंद केल्यावर ती पोरं काय करणार? परत जाळ्यावर? जाळं एलईडीवाल्यांनी रिकामं केलंय. मुंबईला? पुण्याला कुरिअरची बॅग पाठीला लावून? आपल्या गावात राहून, आपल्याच समुद्रावर कमावणारी ही पहिली पिढी आहे. खडप वाचवायचं तर तीच वाचवेल, दुसरं कुणी येणार नाही. आणि पोटावर उठलात म्हणणाऱ्यांना दुसरा प्रश्न. दहा वर्षांनी पर्यटकाला खाली नेऊन दाखवणार काय? शेवाळ आणि प्लॅस्टिक बघायला कुणी पैसे देत नाही.

करता येण्यासारखं बरंच आहे आणि फार खर्चाचंही नाही. नांगराऐवजी कायमचे बोये. समुद्रतळाला एकदा वजन बसवायचं, वर तरंगता बोया, होडी त्याला बांधायची. जगात कितीतरी ठिकाणी हे चालतं. बोया जेवढे तेवढ्याच होड्या, म्हणजे मोजणी आपोआप. पाव बंद, आणि बंद म्हणजे सगळ्यांसाठी एकदम, नाहीतर जो बंद करेल त्याचंच गिऱ्हाईक जाईल. पोहता न येणाऱ्याला खडपावर नाही, वाळूवर उतरवायचं. आणि एखादं खडप दरवर्षी आळीपाळीने पूर्ण विश्रांतीला. शेवटची कल्पना माझी नाही, एका रापणकराची आहे. त्याच्या मते जाळं टाकायच्या जागा पूर्वी गावाने अशाच वाटून घेतलेल्या असायच्या, त्यासाठी कधी सरकार लागलं नाही.

मी माहितीच्या अधिकारात तीन साधे प्रश्न विचारले आहेत. अभयारण्याच्या हद्दीत पर्यटकांना उतरवण्याची लेखी परवानगी कुणी, कधी आणि किती होड्यांना दिली? गेल्या पाच वर्षांत पोवळ्याची पाहणी किती वेळा झाली, तिचे अहवाल कुठे आहेत? आणि बोया बसवण्याचा प्रस्ताव कुणी मांडला असेल तर तो सध्या कुठल्या टेबलावर आहे? उत्तर आलं की जसंच्या तसं इथे टाकतो. तोवर तुमच्यापैकी कुणाकडे किल्ल्याजवळच्या पाण्याखालचे जुने फोटो, व्हिडिओ असतील, २०१० च्या आसपासचे किंवा त्याआधीचे, तर मेसेंजरवर पाठवा. जागा आणि साधारण महिना लिहा. आजच्या फोटोशेजारी ते लावून बघायचे आहेत.